दरड, दैव आणि आपली साहित्यभाषा

१

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले. महादेव कोळ्यांचे गाव. १५१ माणसे मेली. गाव जागेवर नाही, ही गोष्ट बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाकडून. त्याआधी, २५-२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आला होता. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले.

या प्रत्येक वेळी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. अग्रलेख, शोककविता, दिवाळी अंकांतले लेख, शाळा-महाविद्यालयांतले निबंध. या लेखनात कळवळा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण कळवळा ही वाङ्मयाची कसोटी नव्हे. कळवळा कोणत्या भाषेत व्यक्त होतो आणि ती भाषा काय दाखवते, काय झाकते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे. प्रश्न साधा आहे. दरड कोसळते तेव्हा मराठी वाक्याचा कर्ता कोण असतो?

मी शिरूर-दौंडच्या बाजूला मराठी शिकवतो. हे सपाटीचे तालुके. इथे डोंगर कोसळत नाही. मग या विषयाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. ही घोड नदी आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते आणि डिंभे धरणात अडते. माळीण त्याच धरणाच्या पाणलोटात आहे. डिंभ्याचा उजवा कालवा शिरूरकडे येतो. भीमेवरच्या चासकमानचे पाणीही शिरूरला येते. दौंडचा कालवा खडकवासल्याचा, म्हणजे वेल्हे-मुळशीच्या डोंगरांचा. आमच्या दोन्ही तालुक्यांतला ऊस, कारखान्यांची धुराडी, साखरेचे राजकारण हे सारे त्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावर उभे आहे. वर ज्या पावसाने माणसे गाडली, तोच पाऊस इथे कालव्याचे आवर्तन होऊन येतो. ज्याचे पाणी आपण पितो त्याच्या मरणाविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हे तपासण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आमच्याकडे येतात.

२

माळीणविषयी चार ओळी लिहा, असे विद्यार्थ्यांना सांगितले की बहुतेक वह्यांत तेच शब्द उतरतात. डोंगराच्या कुशीत वसलेले चिमुकले गाव. निसर्ग कोपला. काळाने घाला घातला. होत्याचे नव्हते झाले. नियतीपुढे माणूस हतबल आहे.

ही पोरे कुणाची आहेत हे मला ठाऊक आहे. कुणाचा बाप वीटभट्टीवर माती तुडवतो, कुणाची आई ऊसतोडीला जाते, कुणाचा भाऊ रात्री नदीत वाळूच्या बोटीवर असतो. मातीचे वजन, ओली माती कशी सुटते, मुरूम कसा घसरतो, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण वही उघडली की ते ज्ञान दाराबाहेर राहते आणि पाठ्यपुस्तकाने शिकवलेला निसर्ग आत येऊन बसतो. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. चांगले मराठी म्हणजे काय, हे आपण शिक्षकांनी आणि संपादकांनी ठरवलेले आहे.

या शब्दांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. प्रथम डोंगराला आई केले जाते. गाव तिच्या कुशीत असते. मग एका रात्रीत तीच आई कोपते, काळ होते. आई आणि काळ या दोन रूपकांच्या मधल्या जागेत एकही माणूस नाही. रस्ता खोदणारा कंत्राटदार नाही, धोक्याच्या गावांची यादी करणारे कार्यालय नाही, खोरे बुडवणारी योजना नाही, ज्यांना सपाट जमीन मिळाली ते नाहीत आणि ज्यांना उतार मिळाला तेही नाहीत. आहेत ते फक्त निसर्ग आणि बळी. कोपलेल्या आईला जाब विचारता येत नाही. तिची फक्त क्षमा मागता येते. म्हणजे या रूपकाचे काम सौंदर्यनिर्मितीचे नाही. जाब विचारण्याची जागा बुजवण्याचे आहे.

दलित वाचकाला ही युक्ती नवी नाही. जातीला पूर्वजन्मीचे कर्म म्हटले गेले तेव्हाही वाक्यातला कर्ता असाच काढून घेतला होता. ज्या भाषेने आपल्या दारिद्र्याला दैव म्हटले, तीच भाषा आज डोंगराखाली मेलेल्या माणसाला नियतीचा बळी म्हणते.

३

आता डोंगरावर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. याला भूगोलाच्या प्राध्यापकाची गरज नाही.

उतारावरची माती सतत खाली ओढली जात असते. तिला धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: कणांचे एकमेकांशी घर्षण, मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळे. धरून ठेवणारे बळ आणि ओढणारे बळ यांचा भागाकार १ पेक्षा जास्त असेल तोवर डोंगर उभा राहतो. तो १ च्या खाली गेला की डोंगर सुटतो. उताराच्या स्थिरतेचे सगळे शास्त्र या भागाकाराभोवती फिरते.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर रचून बनलेला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. कुठे दोन कातळांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. पावसाचे पाणी माती-मुरुमातून झिरपत खाली जाते आणि कातळावर येऊन अडते. अडलेले पाणी कणांना आतून रेटते. कण एकमेकांपासून सुटू लागतात, घर्षण कमी होते. त्याच वेळी ओली माती जड होते, म्हणजे ओढणारे बळ वाढते. अशा वेळी पाण्याला वाट असली तर डोंगर वाचतो. ओढा बुजवलेला असेल, चर अडलेले असतील, वर सपाट केलेल्या तुकड्यांत पाणी तुंबलेले असेल, तर वाट राहत नाही. आणि रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, तर वरचा भार पेलणारा टेकूच गेलेला असतो.

माळीणला आदल्या दिवशी १०८ मिलीमीटर पाऊस झाला होता आणि तो रात्रभर थांबला नाही. पाऊस ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. माणूस या भूमीवर नव्हता तेव्हाही डोंगर कोसळत होते. परंतु डोंगर कोसळणे आणि गाव गाडले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत निसर्ग कर्ता असू शकतो. दुसरीत नाही. गाव तिथे का होते, ते तिथून का हलले नाही, त्याला कुणी काही सांगितले होते का, वरचा उतार कुणी कसा बदलला, या चारही प्रश्नांची उत्तरे माणसांकडे आहेत. आपली शोककविता या दोन घटनांना एकच समजते. तिचा मूळ दोष हा आहे.

डोंगर एकाएकी येत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. जमिनीला आडव्या भेगा पडतात, झाडे वाकतात, झऱ्याचे पाणी गढूळ होते, कधी नव्हे तिथे पाझर फुटतो. या खुणा वाडीतली म्हातारी माणसे ओळखतात. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात शिरूरच्या माळावर खडी फोडत होते आणि पुढे विहिरींच्या कामावर गेले. विहीर खोदताना काठ सरळ उभा कापू नये, टप्पे ठेवावेत, आणि ओल्या मातीला केसाएवढी भेग दिसली की हत्यार टाकून वर यावे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. अशा ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही. अडाण्याचा अनुभव म्हणतो.

४

प्रस्थापित मराठी वाङ्मयात सह्याद्रीला मोठे स्थान आहे. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतापासून दगडाचा टणकपणा हा मराठी माणसाचा स्वभाव मानण्याची रीत आहे. सह्याद्रीचा गौरव असलेले राजा बढे यांचे गीत २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यगीत म्हणून लागू झाले. त्याच वर्षी जुलैत इर्शाळवाडी गाडली गेली. मी गीताला दोष देत नाही. पण जो डोंगर आपल्या गाण्यात कधीच ढासळत नाही, तो प्रत्यक्षात का ढासळतो, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही, एवढे खरे.

दुसरी परंपरा दुर्गवाङ्मयाची. गो. नी. दांडेकरांपासून आजच्या भटक्यांपर्यंत किल्ल्यांवर मनापासून लिहिलेली पुष्कळ पाने मराठीत आहेत. त्यांतली निष्ठा खोटी नाही. पण या लेखकाचा डोळा कुठे उभा असतो ते पाहा. तो माथ्यावर असतो, बुरुजावर असतो. तिथून वाडी हा खाली दिसणारा ठिपका. चढताना वाडी येते ती पाण्यासाठी, वाटाड्यासाठी, भाकरीसाठी. इर्शाळवाडी ही इर्शाळगडाच्या वाटेवरची वाडी. तिथले ठाकर कुटुंब मुंबई-पुण्याच्या कितीतरी भटक्यांना ठाऊक होते. वाडी हजारो छायाचित्रांत आहे. वाडीच्या मागचा उतार मात्र कुणाच्या लेखनाचा विषय झाला नाही. तिथे यंत्रे चढवायला रस्ता नाही, हे महाराष्ट्राला कळले ते बचावपथक पायी वर गेले तेव्हा.

माथ्यावरून इतिहास दिसतो. पायथ्यापासून जमिनीची मालकी दिसते. मराठी वाङ्मयाने पहिली जागा निवडली.

५

सरकारी मराठी ही वाङ्मयीन समीक्षेची वस्तू नव्हे असे मानण्याची चूक आपण करू नये. गरिबाच्या आयुष्यात कवितेपेक्षा शासननिर्णय जास्त वाचला जातो.

मृताच्या वारसाला जी रक्कम मिळते तिला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. या शब्दाची फोड करा. अनुग्रहासह दिलेले अनुदान. अनुग्रह देव करतो, गुरू करतो, राजा करतो. ज्याच्यावर अनुग्रह होतो तो हात पसरून उभा असतो. ‘नुकसानभरपाई’ हा दुसरा शब्द मराठीत आहे. त्यात नुकसान कुणीतरी केले आहे आणि ते भरून देणे हे कर्तव्य आहे, असा अर्थ निघतो. नेमका तोच अर्थ टाळण्यासाठी पहिला शब्द वापरला जातो. हात जोडून घेण्याची रक्कम आणि ताठ मानेने मागण्याची रक्कम यांत पैशाचा फरक नसेलही, माणूसपणाचा आहे.

‘दरडप्रवण गाव’ हाही असाच शब्द. त्यात दरडीकडे कल गावाचा असतो, जणू तो गावाचा स्वभाव आहे. माळीणनंतर पुणे जिल्ह्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पाहणी केली आणि २३ गावे धोक्याची म्हणून नोंदली गेली. याद्या हव्यात, यात शंका नाही. पण इर्शाळवाडी धोक्याच्या यादीत नव्हती, हे सरकारने विधिमंडळात सांगितले. ते खुलासा म्हणून सांगितले गेले. खरे तर तो कबुलीजबाब होता. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नव्हता असा होत नाही. यादी करणारा त्या वाटेने चढला नव्हता, असा होतो.

‘पुनर्वसन’ या शब्दाचीही परीक्षा माळीणनेच घेतली. नवे माळीण आमडे येथे वसवले गेले. २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. ज्यांचे गाव मातीने गिळले होते, त्यांच्या पायाखालची माती पुन्हा हलली. मातीचा भराव एक-दोन पावसाळे बसू द्यावा लागतो, हे घर बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला विचारले असते तर कळले असते.

याच्या उलट एक उदाहरण परदेशातले आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्रिटनमधील वेल्स प्रांतात अबरफॅन या कोळसा-मजुरांच्या गावावर खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरला. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले. बहुतेक शाळेत बसलेली. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता. चौकशीत मुलांच्या मृत्यूचे कारण नोंदवले जाऊ लागले तेव्हा एका बापाने हरकत घेतली. गुदमरून मृत्यू असे लिहू नका, कोळसा मंडळाने जिवंत पुरले असे लिहा, अशी त्याची मागणी होती. तो बाप साहित्यिक नव्हता. पण वाक्याला कर्ता हवा, हे त्याला कळले होते. पुढे १९६७ च्या चौकशी अहवालाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावरच ठेवला. शब्दाचा आग्रह धरल्याने मेलेली मुले परत येत नाहीत. पण त्यांच्या मरणाला देवाची इच्छा म्हणून गुंडाळून ठेवता येत नाही.

६

आपल्याकडे कर्ता शोधण्याचा प्रयत्न अजिबात होत नाही असे नाही. होतो तेव्हा मात्र तो बहुधा सर्वांत दुबळ्या माणसापाशी येऊन थांबतो. माळीणनंतर असे बोलले गेले की आदिवासींनी डोंगर पोखरून शेते काढली. उतारावर यंत्रांनी सपाटीकरण झाल्याचा मुद्दा चर्चेत आला; त्यावर मतभेदही झाले. या चर्चेत एक शब्द हरवला. तो ‘पडकई’. आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळ्यांत उतारावर दगडांचे बांध घालून भातखाचरे काढण्याची ही जुनी रीत. चार घरे एकत्र येऊन एकमेकांच्या रानात राबतात. हाताने दगड रचताना पाण्याची वाट राखली जाते; कारण ज्याने बांध घातला तोच खाली राहतो. यंत्र चालवणारा खाली राहत नाही. काम मोजून तो निघून जातो. दोन्हींना एकाच वाक्यात घालून ‘आदिवासींनी डोंगर पोखरला’ म्हणणे हा भाषेचा आळस नव्हे. तो पक्षपात आहे.

आणि ही माणसे उतारावर का आहेत? डिंभे धरणात खोऱ्यातली सपाट, ओलीची जमीन गेली. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते गाव स्वतः पाण्याखाली आहे. रायगडकडे सपाटी खोतांची होती. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि पुढे शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, तो याच जमिनीच्या प्रश्नावर. सपाट जमीन खोताची, जंगल सरकारचे, खोरे धरणाचे; उरला तो उतार. त्यावर वाडी बसली. म्हणून मला असे म्हणावयाचे आहे की डोंगरउतारावरची वाडी हा निसर्गाने दिलेला पत्ता नाही. तो समाजव्यवस्थेने दिलेला पत्ता आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, आणि डोंगरावरून वाहून जाणारा पालापाचोळ्याचा कस शेतात राहावा म्हणून ताली-बंधारे घालावेत असेही लिहिले. माती, पाणी, जंगल आणि शूद्राचे दारिद्र्य हे एकाच पुस्तकात, एकाच रागात आले. नंतरच्या मराठी वाङ्मयाने त्यांची फारकत केली. निसर्ग ललित निबंधाकडे गेला आणि दारिद्र्य ग्रामीण कथेकडे.

दलित साहित्याने ही फारकत काही प्रमाणात मोडली. गावकुसाबाहेरची वस्ती ही केवळ पार्श्वभूमी नाही, ती सत्तेने आखलेली रेघ आहे, हे मराठी वाचकाला दलित लेखकांनी शिकवले. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईला कवितेत बोलते केले, तेव्हा धरणाकडे पाहण्याची दिशाच बदलली. वाहरू सोनवणे यांनी आदिवासींच्या दुःखावर व्यासपीठावरून दुसऱ्यांनीच बोलण्याची रीत उघडी पाडली. गोविंद गारे हे याच जुन्नरच्या डोंगरातून आले आणि त्यांनी आपल्या समाजाविषयी स्वतः लिहिले.

तरीही आपल्या वाङ्मयाचे एक न्यून सांगितलेच पाहिजे. आपण जागेचा अर्थ आडव्या नकाशावर वाचला: गावाच्या कुठल्या दिशेला, पाणवठ्याच्या वर की खाली. उभा नकाशा वाचायचा राहून गेला. त्या नकाशावर पाहिले की विखुरलेल्या घटना जवळ येतात. जुलै २००० मध्ये मुंबईत घाटकोपरच्या टेकडीवरची दरड झोपड्यांवर आली आणि ६० हून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात टेकडीलगतची भिंत घरांवर पडून १९ माणसे गेली. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री केरळात मुन्नारजवळ पेट्टीमुडी येथे चहामळ्यातील मजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या. ७० माणसे मेली, तमिळ भाषक, त्यांत मोठ्या संख्येने दलित. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेले. अडीचशेहून अधिक माणसे मेली.

दरडीला जात कळत नाही, हे मला मान्य आहे. २००५ च्या महाडमध्ये अनेक जातींची माणसे एकाच मातीखाली गेली आणि त्यांचे दुःख मोजायला वेगळी मापे नाहीत. पण उताराखाली राहण्याची सक्ती कुणावर येते, हे जात आणि वर्ग मिळून ठरवतात. एवढे म्हणायला सगळे मृत एकाच जातीचे असावे लागत नाहीत.

७

सपाटीवर आमच्याकडे डोंगर नाही, असे मी वर म्हटले. पण ‘दरड’ हा शब्द आहे. भीमा आणि घोड यांच्या उभ्या काठाला आमच्याकडे दरडच म्हणतात. यांत्रिक बोटींनी नदीचा तळ उपसला की काठाचा पायथा सुटतो आणि पावसाळ्यात रानाचा तुकडा नदीत जातो. डोंगराचा पायथा कापणे आणि नदीचा तळ उपसणे यांचे शास्त्र एकच. वाळू शहराच्या इमारतीत जाते, पैसा मालकाकडे जातो, बोटीवर बुडी मारणारा बहुधा परप्रांतातला गरीब मजूर असतो, आणि काठावरच्या अल्पभूधारकाचे रान जाते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये विहिरीचे काम चालू असताना ढिगारा कोसळून चार मजूर गाडले गेले. बातमीत तेव्हाही काळाने घालाच घातला.

पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. तीव्र उतारावरील शेती, खोदकाम, रस्ते यांवर त्यात सूचना होत्या आणि निर्णय ग्रामसभांपासून सुरू व्हावा असा आग्रह होता. अहवालाला विकासविरोधी म्हटले गेले. आदिवासींच्या मनातली भीतीही खरी होती: बंधने आपल्यावर येतील आणि माथ्यावरचे बंगले, पवनचक्क्यांचे रस्ते तसेच राहतील. ही भीती दूर करण्याचा मार्ग एकच होता. तो अहवाल वाडीच्या भाषेत वाडीपुढे वाचणे. ते काम राज्यकर्त्यांनी केले नाही. आपण लेखकांनी आणि शिक्षकांनीही ते अंगावर घेतले नाही.

वाङ्मयाने डोंगर थांबत नाही, हे उघड आहे. भूवैज्ञानिकाचे काम कवीने करावे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. दरडीविषयी लिहिताना आपण वाक्यातला कर्ता लपवू नये. ‘गाव गाडले गेले’ एवढ्यावर पूर्णविराम देऊ नये. गाव तिथे कुणी ठेवले, उतार कुणी कापला, यादी कुणी केली, हे पुढच्या वाक्यांत यावे. वाडीतल्या माणसाला बळी म्हणून रंगवण्यापूर्वी तो जाणकार आहे हे मान्य करावे. भेग, पाझर, पडकई, मुरूम, टप्पा हे शब्द साहित्यात यावेत, कारण या शब्दांनी माणसे वाचतात. कुशी, कोप आणि काळ या शब्दांनी आजवर एकही वाचलेले नाही.

ज्या समाजाने दैव हा शब्द नाकारून माणूसपण मिळवले, त्या समाजाच्या नियतकालिकांनी तो शब्द दुसऱ्याच्या चितेवर वाहू नये. पुढचा पावसाळा येईल तेव्हा डोंगर आपल्या भागाकाराप्रमाणेच वागेल. आपण कसे बोलायचे, हे मात्र आपल्या हातात आहे.